डेटा रिकव्हरी सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा त्रुटी: धोका नेमका कुठे आणि त्यावर उपाय काय

कोरा_सेक्टर (धागाकर्ता)

रिकव्हरी सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण किती फाइली परत येतात एवढंच बघतात. ते सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर कुठल्या अधिकाराने चालतं आणि काय वाचतं, याकडे सहसा लक्ष जात नाही.

कच्ची डिस्क वाचायची तर विंडोजवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि लिनक्सवर रूट लागतो. वाचायचं काय, तर फाटलेलं पार्टिशन टेबल, अर्धवट पुसलेली फाइल सिस्टिम, कुणीतरी आणून दिलेला पेनड्राइव्ह. म्हणजे सगळ्यात जास्त अधिकार असलेला प्रोग्राम सगळ्यात कमी भरवशाचा मजकूर वाचतो. ब्राउझर नेमकं उलटं करतो: अनोळखी मजकूर वाचणारा भाग सँडबॉक्समध्ये कोंडतो. रिकव्हरीच्या बहुतेक प्रोग्रामांत अशी फाळणीच नसते.

ठोस उदाहरण म्हणून टेस्टडिस्क घ्या. मुक्त स्रोत, प्रामाणिक, वर्षानुवर्षं वापरात असलेलं साधन. त्याच्या ६.१४ आवृत्तीत ओएस/२ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं मल्टिबूट पार्टिशन ओळखणाऱ्या एका छोट्या फंक्शनमध्ये स्टॅक बफर ओव्हरफ्लो (मेमरीतल्या ठरलेल्या जागेबाहेर लिखाण) होता. मुद्दाम बिघडवलेली डिस्क प्रतिमा (डिस्कची जशीच्या तशी फाइलरूप प्रत) तपासायला दिली की स्टॅकवर हवं ते लिहिता यायचं. २०१५ साली ७.० आवृत्तीत तो दुरुस्त झाला. ओएस/२ कोण वापरतं असं वाटेल, पण आपण काय वापरतो याने फरक पडत नाही. प्रोग्रामला जेवढी स्वरूपं ओळखता येतात तेवढे दरवाजे उघडे असतात, आणि कुठल्या दारातून शिरायचं ते डिस्क बनवणारा ठरवतो.

या धाग्यात सर्वसाधारण सल्ले नकोत. कुठे बिघडतं, का बिघडतं, आणि काम न थांबवता ते कसं टाळायचं, एवढंच लिहूया.

शंकेखोर

मूळ मुद्दा मान्य. पण डिस्क माझी, फाइली माझ्या, चुकून फॉरमॅट झालेली. त्यात मुद्दाम बिघडवलेला मेटाडेटा (कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदी) कुठून येणार? हा धोका फॉरेन्सिक प्रयोगशाळा आणि दुरुस्तीवाल्यांपुरता नाही का?

कोरा_सेक्टर

@शंकेखोर, डिस्कच्या मेटाडेटापुरतं बोलायचं तर बऱ्याच अंशी हो. घरच्या डिस्कपेक्षा अनोळखी माध्यम रोज हाताळणाऱ्याला हा धोका कितीतरी जास्त. पण दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे फाइलींमधला मजकूर तुमचा नसतो. ब्राउझरच्या कॅशमधली चित्रं, मेलची जोडपत्रं, कधीतरी उतरवून पुसलेलं काहीतरी, हे सगळं रिकव्हरीत वर येतं आणि प्रिव्ह्यूच्या खिडकीत आपोआप उघडतं. दुसरं म्हणजे ड्रायव्हर, सर्व्हिस आणि अपडेटमधल्या त्रुटींना दूषित डिस्क लागतच नाही. सॉफ्टवेअर नुसतं बसवलेलं असलं तरी पुरे.

एमएफटी_शून्य

डिस्क वाचताना नक्की काय फसतं ते एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या उदाहरणाने सांगतो, कारण इथे चूक करायला भरपूर जागा आहे.

एमएफटी म्हणजे तिथली सगळ्या फाइलींची मुख्य यादी. त्यातली नोंद साधारणपणे १०२४ बाइटची, म्हणजे ५१२ बाइटचे दोन सेक्टर. प्रत्येक सेक्टरचे शेवटचे दोन बाइट काढून नोंदीच्या सुरुवातीजवळच्या एका छोट्या तक्त्यात ठेवलेले असतात आणि त्यांच्या जागी एक क्रमांक लिहिलेला असतो. लिखाण अर्धवट झालं तर कळावं म्हणून ही सोय. वाचताना ते बाइट तक्त्यातून उचलून परत जागेवर ठेवायचे. तक्ता कुठे आहे ते नोंदीच्या ४ थ्या बाइटपासून, आणि त्यात किती घरं आहेत ते ६ व्या बाइटपासून लिहिलेलं असतं. १०२४ बाइटच्या नोंदीत घरं ३ असायला हवीत: एक क्रमांकाचं आणि दोन सेक्टरांची.

आता डिस्कवर ३ ऐवजी २०० लिहिलं असेल आणि प्रोग्रामने तो आकडा तसाच मानला, तर तो दर ५१२ बाइटांनी दोन बाइट लिहीत १०२४ च्या बफरबाहेर पार १,०१,८८६ व्या जागेपर्यंत जातो. काय लिहायचं तेही तक्त्यातून, म्हणजे डिस्कवरूनच येतं. हल्लेखोराला यापेक्षा जास्त काय हवं?

खरी मेख पुढे आहे. नेहमीचा फाइल सिस्टिम ड्रायव्हर आधी सेक्टरच्या टोकाचा क्रमांक जुळतो का ते पाहतो आणि जुळला नाही की नोंद नाकारतो. रिकव्हरी सॉफ्टवेअरला तसं करून चालत नाही. फाटक्या नोंदीतूनच त्याला फाइल काढायची असते, म्हणून न जुळणारा क्रमांक माफ केला जातो. ढिलाई हा त्याचा गुणधर्मच आहे. म्हणून लांबी, संख्या आणि जागा यांची तपासणी इथे इतर कुठल्याही प्रोग्रामपेक्षा कडक हवी, आणि नेमकी तीच सुटते.

अशाच आणखी जागा:

बूट सेक्टरच्या ६४ व्या बाइटवर नोंदीचा आकार असतो. तो चिन्हासकट वाचायचा. उणे १० म्हणजे २ चा १० वा घात, १०२४. तिथे उणे ३१ आलं तर प्रोग्राम २ जीबी मागतो. मेमरी मिळाली नाही आणि ते तपासलं नाही, की कोसळला.

फॅट या जुन्या फाइल सिस्टिममध्ये ११ व्या बाइटपासून सेक्टरचा आकार आणि १३ व्या बाइटवर क्लस्टरमागे (सेक्टरांच्या गटामागे) सेक्टर किती ते असतं. शून्य असेल तर शून्याने भागाकार.

क्लस्टरची साखळी स्वतःकडेच वळवली तर अनंत फेरी. एक्स्टेंडेड पार्टिशनची साखळी अशी वळवली की द स्ल्यूथ किट या फॉरेन्सिक साधनात अनंत रिकर्जन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारणं) व्हायचं, सीव्हीई-२०१७-१३७५६ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा नोंदणी क्रमांक). त्याच साधनात ४.८.० पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये याफ्स फाइल सिस्टिमची नोंद दाखवताना स्टॅक ओव्हरफ्लो होता, सीव्हीई-२०२०-१०२३२.

नुसतं कोसळणं किरकोळ समजू नका. स्कॅन १४ तास चालून १५ व्या तासाला पडला आणि सेशन जतन नसेल, तर मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तेवढाच ताण पुन्हा द्यावा लागतो.

वाचनमात्र

मी हार्डवेअर राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावूनच डिस्क जोडतो. शिवाय माउंटही रीड-ओन्ली. एवढ्याने भागत नाही?

एमएफटी_शून्य

@वाचनमात्र, राइट ब्लॉकर डिस्कला मशीनपासून वाचवतो, मशीनला डिस्कपासून नाही. वर लिहिलेलं सगळं निव्वळ वाचताना होतं.

रीड-ओन्ली माउंटबद्दल जास्त सांभाळा. लिनक्सवर ईएक्सटी४ रीड-ओन्ली माउंट केलं तरी जर्नल (बदलांची नोंदवही) अर्धवट असेल तर कर्नल (सिस्टिमचा गाभा) ते आधी पूर्ण करतो, म्हणजे डिस्कवर लिहितो. ते टाळायला ‘नोलोड’ पर्याय, एक्सएफएसला ‘नोरिकव्हरी’. आणि माउंट केलं की फाइल सिस्टिम वाचणारा कोड कर्नलमध्ये चालतो, तिथला बग तर रूटपेक्षाही वाईट. लिनक्सवर एनटीएफएस वाचणारं एनटीएफएस-३जी कर्नलबाहेर चालतं खरं, पण त्यातही २०२१ मध्ये बिघडवलेल्या प्रतिमांमुळे उद्भवणाऱ्या त्रुटींचा मोठा गठ्ठा निघाला होता. तो २०२१.८.२२ आवृत्तीत दुरुस्त झाला. त्याआधीची आवृत्ती कुठल्या जुन्या रेस्क्यू सीडीवर असेल तर ती सीडी बाद करा.

चालक_तपासनीस

ड्रायव्हरबद्दल मी लिहितो.

विंडोज व्हिस्टापासून माउंट असलेल्या व्हॉल्यूमच्या सेक्टरांवर साध्या प्रोग्रामला थेट लिहिता येत नाही, अ‍ॅडमिन असला तरी. म्हणून पार्टिशन आणि रिकव्हरीची सॉफ्टवेअर स्वतःचा सही केलेला कर्नल ड्रायव्हर आणतात. तो ड्रायव्हर ‘मला कोण हाक मारतंय’ हे नीट तपासत नसेल, तर मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम त्याच्याकरवी डिस्कवर लिहू शकतो.

हे कागदी भय नाही. २०१२ मध्ये सौदी अरामकोवर आलेल्या शमूनने एल्डॉस कंपनीचा रॉडिस्क ड्रायव्हर वापरून डिस्का पुसल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या हर्मेटिकवायपरने ईझअस पार्टिशन मास्टरचा ड्रायव्हर वापरला. दोन्ही ड्रायव्हर वैध, सही केलेले, चांगल्या कामासाठी लिहिलेले.

सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण पॅरागॉनच्या बायोएनटीडीआरव्ही ड्रायव्हरचं. त्यात पाच त्रुटी मायक्रोसॉफ्टला सापडल्या, सीव्हीई-२०२५-०२८५ ते ०२८९. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी त्या जाहीर झाल्या तेव्हा त्यातली एक रॅन्समवेअर टोळ्यांनी आधीच वापरलेली होती. दुरुस्त ड्रायव्हर २.०.०. यातली गोम अशी, की तुमच्याकडे पॅरागॉनचं काहीही बसवलेलं नसलं तरी उपयोग नाही. हल्लेखोर जुना ड्रायव्हर सोबत आणतो, बसवतो, आणि सही वैध असल्याने विंडोज तो चालवते. त्याच्या मदतीने अ‍ॅडमिनपासून ‘सिस्टिम’ या विंडोजच्या सर्वोच्च अधिकाराच्या खात्यापर्यंत मजल मारतो.

म्हणून दोन वेगळी कामं करावी लागतात.

पहिलं, कर्नलला वाईट ड्रायव्हर नाकारायला लावणं. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, तिथे कोअर आयसोलेशन. मेमरी इंटेग्रिटी चालू हवी आणि त्याखालची व्हल्नरेबल ड्रायव्हर ब्लॉकलिस्टही. विंडोज ११ च्या २०२२ च्या अपडेटपासून ही यादी मुळातच चालू असते, पण जुना एखादा ड्रायव्हर विसंगत निघाला की लोक मेमरी इंटेग्रिटी बंद करतात आणि पुन्हा चालू करत नाहीत. कुठला ड्रायव्हर अडतोय ते तिथेच दिसतं. बहुधा असल्याच एखाद्या डिस्कवाल्या सॉफ्टवेअरचा असतो.

दुसरं, काम संपल्यावर स्वतःचा कचरा काढणं. अनइन्स्टॉल केल्यावरही ड्रायव्हर राहतो हे सर्रास दिसतं. सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स अ‍ॅडमिन म्हणून उघडा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, ड्रायव्हर्सचा टॅब पाहा. अनाथ नोंद दिसली तर आधी फक्त खूण काढून मशीन पुन्हा सुरू करा. सगळं ठीक चाललं तरच नोंद आणि फाइल उडवा. थेट उडवू नका: डिस्कच्या मार्गात बसणारा फिल्टर ड्रायव्हर असेल आणि रजिस्ट्रीत त्याचं नाव फिल्टरच्या यादीत शिल्लक राहिलं, तर मशीन बूटच होणार नाही.

शंकेखोर

फिल्टर ड्रायव्हर आहे की साधा, हे कसं ओळखायचं?

चालक_तपासनीस

रजिस्ट्रीत डिस्क ड्राइव्ह आणि व्हॉल्यूम या क्लासच्या नोंदींत ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ अशी मूल्यं असतात. त्यात ड्रायव्हरचं नाव असेल तर तो फिल्टर. आधी यादीतून फक्त तेवढं नाव काढा, मग ड्रायव्हर. पूर्ण मूल्य पुसू नका, त्यात विंडोजचे स्वतःचे फिल्टरही असतात.

पोर्ट_उघडा_कुणी

नेटवर्ककडून येणारा धोका अजून कुणी मांडला नाही.

मिनिटूल पॉवर डेटा रिकव्हरी ११.६ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये इन्स्टॉलेशनची प्रक्रियाच असुरक्षित होती. नेटवर्कवर मधे बसलेला माणूस आपला कोड घुसवू शकायचा, सीव्हीई-२०२३-३८३५६. त्याच सॉफ्टवेअरच्या आतल्या पेमेंटच्या पानातूनही माहिती चोरता यायची, ३८३५३. पाच-दहा एमबीचा छोटा इन्स्टॉलर उतरवायचा आणि त्याने बाकीचं सॉफ्टवेअर नेटवरून ओढायचं, ही पद्धत या धंद्यात फार आहे. ओढलेल्या फाइलीची सही तपासली नाही तर बाहेरच्या इन्स्टॉलरची सही बघून काही साधत नाही. उपाय साधा: पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर घ्या, गुणधर्मांत डिजिटल सही पाहा, आणि तो डाउनलोड्सच्या फोल्डरमधून न चालवता एका नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये हलवून चालवा. डाउनलोड्समध्ये कधीकाळी येऊन पडलेली एखादी डीएलएल (प्रोग्राम वापरतो ती लायब्ररी फाइल) इन्स्टॉलरच्या शेजारी असली, तर बरेच इन्स्टॉलर सिस्टिमच्या आधी तीच उचलतात, तीही अ‍ॅडमिन अधिकारासकट.

फोनमधला डेटा काढणाऱ्या वंडरशेअर डॉ. फोनचं उदाहरण याहून बोलकं आहे. डिसेंबर २०२१ पर्यंतच्या आवृत्तीत त्याची एक मदतनीस सर्व्हिस सिस्टिम अधिकाराने चालायची आणि यूडीपीवर कुणाचंही ऐकायची. ओळख न पटवता नेटवर्कवरून तिच्याकडून हवी ती फाइल चालवून घेता यायची, सीव्हीई-२०२१-४४५९६. दुसऱ्या सर्व्हिसमधून साध्या यूजरला सिस्टिम होता यायचं, ४४५९५. म्हणजे एकदा फोटो परत मिळवायला बसवलेलं सॉफ्टवेअर पुढे वापरलं नाही तरी सर्व्हिस ऐकतच बसलेली.

बसवण्याआधी आणि नंतर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटस्टॅट -एबीएनओ’ चालवून दोन्ही निकाल जुळवून बघा. नवा पोर्ट ०.०.०.० वर उघडा दिसला तर ती सर्व्हिस बंद करा. १२७.०.०.१ वर असेल तर बाहेरून धोका नाही, पण मशीनवरच्या दुसऱ्या यूजरकडून आहेच. सर्व्हिसची फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे ‘युजर्स’ गटाला लिहिण्याची परवानगी नाही ना, तेही पाहा.

आणि ‘खराब फोटो-व्हिडिओ एआयने दुरुस्त’ करणाऱ्या सेवा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ट्रेंड मायक्रोने वंडरशेअर रिपेअरिटबद्दल जाहीर केलं की क्लाउड साठ्याच्या किल्ल्या प्रोग्रामच्या आतच लिहिलेल्या होत्या, तेही गरजेपेक्षा कितीतरी जास्त परवानग्यांसकट. तिथे यूजरच्या फाइली एन्क्रिप्ट न करता पडून होत्या. सीव्हीई-२०२५-१०६४३ आणि १०६४४. दुरुस्ती आपल्याच मशीनवर होते की फाइल बाहेर जाते, हे नेट तोडून चालवलं की लगेच कळतं.

क्रॅक केलेली आवृत्ती कुणी वापरत असेल तर वरचं काहीही वाचायची गरज नाही, त्यांचा प्रश्न आधीच निकालात निघालेला आहे.

प्रतिमापूजक

आता कामाची पद्धत. मूळ तत्त्व एकच: अधिकार लागतो तो फक्त डिस्क वाचायला, अर्थ लावायला नाही. म्हणून दोन्ही कामं तोडा. वाचणाऱ्या प्रोग्रामने फाइल सिस्टिमचा अर्थ लावायचा नाही, आणि अर्थ लावणाऱ्याला डिस्कही द्यायची नाही, नेटवर्कही नाही.

वाचण्यासाठी लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू. त्याला फाइल सिस्टिम कळत नाही, तो नुसते सेक्टर उचलतो, म्हणून वर सांगितलेले बग त्याला लागूच होत नाहीत. आधी डेस्कटॉपचं ऑटोमाउंट बंद करा, मगच डिस्क जोडा. नाव ‘एसडीबी’, ‘एसडीसी’वर विसंबून ठरवू नका, ‘बाय-आयडी’ फोल्डरमधल्या अनुक्रमांकावरून ठरवा. स्रोत आणि लक्ष्य उलटं झालं तर कोरी डिस्क जुन्या डिस्कवर उतरते आणि मग रिकव्हरीही संपते. ‘ब्लॉकडेव्ह’ने डिस्क रीड-ओन्ली केली की तोही धोका जातो.

रूट टाळायचा असेल तर ‘सेटएफएसीएल’ने त्या एकाच डिस्कवर आपल्या यूजरला फक्त वाचायची परवानगी द्या. डिस्क काढून पुन्हा लावली की ती परवानगी जाते, पुन्हा द्यावी लागते. ‘डिस्क’ गटात स्वतःला घालणं मात्र नको, तो मागच्या दाराने रूटच आहे.

पहिली फेरी ‘-डी -एन’ पर्यायांसह, म्हणजे थेट वाचन आणि खराब भाग खरवडायचा नाही. मॅपफाइल दिल्याशिवाय सुरूच करू नका, ती नसेल तर थांबलेलं काम पुढे नेता येत नाही. दुसरी फेरी त्याच मॅपफाइलसह ‘-एन’ काढून आणि ‘-आर३’ लावून. लक्ष्यावर मूळ डिस्कच्या पूर्ण आकाराएवढी मोकळी जागा हवी, वापरलेल्या जागेएवढी नाही. झालं की प्रतिमेची एसएचए-२५६ बेरीज (फाइल बदलली तर कळावं म्हणून काढायचा आकडा) काढून लिहून ठेवा आणि प्रतिमा फाइल रीड-ओन्ली करा.

इथून पुढे रूट लागत नाही. टेस्टडिस्क आणि त्याच्यासोबत येणारं, फाइली उचलणारं फोटोरेक, दोन्ही प्रतिमा फाइलवर साध्या यूजरने चालतात. ते बबलरॅप या लिनक्सवरच्या सँडबॉक्समध्ये चालवा: सगळे नेमस्पेस (बाकी सिस्टिमशी असलेले जोड) तोडायचे, प्रतिमा फक्त वाचायला जोडायची, निकालाचा एकच फोल्डर लिहायला, घरचा फोल्डर अजिबात नाही. पार्सरमध्ये बग निघाला तरी हल्लेखोराच्या हाती तो एक फोल्डर लागतो.

फाइल सिस्टिम उघडून बघायची असेल तर लूप माउंट करू नका, म्हणजे प्रतिमा फाइल थेट आपल्या कर्नलमध्ये माउंट करू नका. लिबगेस्टएफएसमधलं ‘गेस्टमाउंट’ वापरा, ‘--आरओ’सकट. ते एक छोटी आभासी मशीन उभी करतं आणि तिच्या कर्नलमध्ये माउंट करतं, तुमच्या नाही. थोडं संथ आहे, पण चालतं.

विंडोजचंच सॉफ्टवेअर हवं असेल तर आभासी मशीन. नेटवर्क कार्ड काढलेलं, क्लिपबोर्ड आणि शेअर्ड फोल्डर बंद, निकालासाठी वेगळी कोरी आभासी डिस्क. परवाना ऑनलाइन सक्रिय करायचा असेल तर तो आधी करा, मग कार्ड काढा, स्नॅपशॉट घ्या, आणि त्यानंतरच प्रतिमा जोडा.

क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रतिमा जोडताना स्वरूप ‘रॉ’ आहे हे स्पष्ट लिहा. स्वरूप ओळखायचं काम क्यूईएमयूवर सोडलं, तर डिस्कच्या पहिल्या सेक्टरात क्यूकाउ२ या क्यूईएमयूच्या स्वतःच्या स्वरूपाचं खोटं शीर्षक लिहून ठेवणारा माणूस ‘माझी मूळ फाइल अमुक आहे’ असं सांगून यजमान मशीनवरची फाइल आत दाखवायला लावू शकतो. हा जुना सापळा आहे आणि अजूनही लोक त्यात पडतात. आच्छादन फाइल (मूळ प्रतिमा न बदलता बदल वेगळे साठवणारी) बनवतानाही मूळ फाइलचं स्वरूप ‘-एफ’ (कॅपिटल अक्षरातलं) देऊनच बनवा.

वाचनमात्र

विंडोज सँडबॉक्स चालेल का? आभासी मशीन उभी करायचा व्याप नको वाटतो.

प्रतिमापूजक

चालेल, मर्यादा ओळखून. ते प्रो आणि एंटरप्राइझ आवृत्त्यांत मिळतं. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नेटवर्किंग बंद करा, प्रतिमेचा फोल्डर रीड-ओन्ली जोडा, आणि निकालासाठी एक वेगळा रिकामा फोल्डर लिहिण्याच्या परवानगीसह जोडा. तो विसरलात तर खिडकी बंद केल्याबरोबर सगळा निकाल जातो. ज्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हर बसवून मशीन पुन्हा सुरू करावं लागतं त्यासाठी मात्र पूर्ण आभासी मशीनच बरी.

एमएफटी_शून्य

@प्रतिमापूजक यांच्या पद्धतीत एक अडचण हमखास येते: प्रतिमा घेतली, टेस्टडिस्कला एकही पार्टिशन दिसत नाही. घाबरून लोक परत मूळ डिस्क जोडतात आणि रूटने स्कॅन सुरू करतात. कारण बहुतेक वेळा सेक्टरचा आकार असतो. ४०९६ बाइटचे सेक्टर असलेल्या डिस्कचं पार्टिशन टेबल ४०९६ च्या मापात लिहिलेलं असतं, आणि प्रतिमा फाइल ५१२ ची धरली जाते. टेस्टडिस्कच्या जिऑमेट्री मेनूत सेक्टर साइझ ४०९६ करा. काही यूएसबी पेट्या हे भाषांतर परस्पर करतात, त्यामुळे पेटीतून काढलेली डिस्क थेट साटाला लावली की आकडे बदलतात. प्रतिमा ज्या जोडणीतून डिस्क वापरात होती त्याच जोडणीतून घेतलेली बरी.

कोरा_सेक्टर

आता प्रिव्ह्यू. तो बंद करता येत असेल तर बंदच ठेवा.

रिकव्हरी सॉफ्टवेअर चित्रं आणि व्हिडिओ दाखवायला बाहेरच्या लायब्ऱ्या सोबत बांधून आणतं आणि त्या अपडेट करायचं विसरतं. एप्रिल २०२१ मध्ये सिग्नलने सेलेब्राइटच्या फोनमधला डेटा काढणाऱ्या साधनांबद्दल लिहिलं होतं: त्यातल्या एफएफएमपेग या व्हिडिओ लायब्ररीच्या डीएलएल २०१२ सालच्या होत्या आणि त्यानंतर आलेले शंभराहून जास्त सुरक्षा अपडेट त्यात नव्हते. फोनवर एक बिघडवलेली फाइल ठेवली की स्कॅन करणाऱ्या मशीनवर कोड चालवता यायचा.

तपासायची रीत: इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमधल्या डीएलएलची आवृत्ती गुणधर्मांत पाहा. लिबवेबपी ही चित्रांची लायब्ररी १.३.२ पेक्षा जुनी असेल तर त्यात सीव्हीई-२०२३-४८६३ आहे, जी उघड झाली तेव्हाच प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात होती. लायब्ररी मुख्य प्रोग्राममध्येच मिसळलेली असेल तर अशी दिसणार नाही. मग प्रोग्रामच्या प्रकाशनाची तारीख सप्टेंबर २०२३ च्या आधीची असेल तर जुनीच आहे असं धरून चाला.

पोर्ट_उघडा_कुणी

परत मिळालेल्या फाइलींबद्दलही लिहायला हवं. नेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य खूण लावते. त्या खुणेमुळे वर्ड फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूत उघडते आणि स्मार्टस्क्रीन इशारा देतं. खूण फाइलच्या आत नसते, एनटीएफएसच्या वेगळ्या प्रवाहात असते. फोटोरेकसारखं आतल्या ठरावीक बाइटांवरून फाइल ओळखून उचलणारं साधन तो प्रवाह आणत नाही. परिणाम असा, की तीन वर्षांपूर्वी पुसलेलं मॅक्रोवालं जोडपत्र आता विश्वासू स्थानिक फाइल म्हणून परत येतं, तेही नवं नाव घेऊन.

निकालाचा फोल्डर एक्स्प्लोररमध्ये उघडण्याआधी थंबनेल आणि प्रिव्ह्यू पेन बंद करा, फोल्डर स्कॅन करा. अँटिव्हायरसला ‘आपोआप पुसा’ असं सांगून ठेवू नका. हवा असलेला मेलचा अख्खा साठा एका दूषित जोडपत्रापायी क्वारंटाइनमध्ये जातो. लिनक्सवर निकालाचं व्हॉल्यूम नोएक्सेक, नोसुइड, नोडेव्ह लावून माउंट करा.

एमएफटी_शून्य

नावासकट फाइली परत आणणाऱ्या साधनांत आणखी एक भानगड. फाइलचं नाव डिस्कवरून येतं आणि त्यात ‘दोन टिंबं आणि तिरकी रेघ’ असू शकते. चालू सिस्टिम असं नाव बनवू देत नाही, पण बाइट हाताने लिहिले तर कोण अडवणार? प्रोग्रामने ते नाव निकालाच्या फोल्डरला जसंच्या तसं चिकटवलं तर फाइल बाहेर, कदाचित स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये पडते. अ‍ॅडमिन अधिकार असला की कुठेही. स्कॅननंतर निकालाच्या फोल्डरबाहेर त्या वेळेत नव्या झालेल्या फाइली शोधणं हा याचा झटपट तपास.

शंकेखोर

यावरून आठवलं, फाइली दाबून बांधणाऱ्या विनरारच्या रिकव्हरी व्हॉल्यूममध्येही असंच काही होतं ना?

कोरा_सेक्टर

हो, सीव्हीई-२०२३-४०४७७. तुटलेलं आर्काइव्ह सांधणाऱ्या रिकव्हरी व्हॉल्यूमच्या कोडमध्ये ॲरेचा निर्देशांक तपासला जात नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये ६.२३ ला दुरुस्त. विनरार तेव्हा स्वतःहून अपडेट होत नव्हतं, त्यामुळे जुनी आवृत्ती अजून पुष्कळ मशीनवर सापडेल.

चालक_तपासनीस

‘सिस्टिम क्षणात पूर्ववत’ करणारी सॉफ्टवेअरही याच कुटुंबातली. हाउयर कंपनीच्या सिसरिटर्नमध्ये आणि आणखी काही कंपन्यांच्या तशाच उत्पादनांत मायक्रोसॉफ्टची सही असलेला एक यूईएफआय लोडर (विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्राम) होता. तो ‘क्लोक.डॅट’ नावाच्या फाइलीतून सही नसलेला कोड वाचून सरळ चालवायचा, सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड सुरू होऊ देणारी सोय) चालू असतानाही. सीव्हीई-२०२४-७३४४, ईसेटने शोधलेली. १४ जानेवारी २०२५ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने त्या लोडरची मान्यता काढली. इथेही तीच गत: लोडर सोबत आणता येतो, म्हणून रद्द केलेल्यांची यादी मशीनवर पोचलेली हवी. विंडोज अपडेट बंद ठेवलेल्या मशीनवर ती पोचलेली नसते. लिनक्सवर ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर’ने डीबीएक्सचं, म्हणजे याच यादीचं, अपडेट घेता येतं.

वाचनमात्र

एखाद्या सॉफ्टवेअरने विशिष्ट प्रतिमेवर दर वेळी एकाच जागी मान टाकली तर ते कळवायचं कसं? आख्खी प्रतिमा पाठवणं शक्य नाही, त्यात खासगी फाइली.

एमएफटी_शून्य

पाठवायचीच नाही. कोसळतं तो भाग बहुतेक वेळा मेटाडेटात असतो. प्रतिमेची प्रत घ्या, आणि फाइलींचा डेटा असलेले क्लस्टर शून्यांनी भरून बघा अजून कोसळतं का. मग अर्धी-अर्धी कापत जा. लक्षात असू द्या, एनटीएफएसमध्ये लहान फाइलींचा मजकूर एमएफटीच्या नोंदीतच बसतो, म्हणून नुसते डेटा क्लस्टर पुसून खासगी मजकूर जात नाही. फाइलींची नावंही तिथेच असतात. त्याऐवजी एक-दोन एमबीची नवी कोरी फाइल घेऊन तिच्यावर फाइल सिस्टिम बनवा आणि संशयित बाइट तेवढे हाताने बदला. तिथेही कोसळलं तर तीच पाठवण्याजोगी प्रतिमा. कोड खुला असेल तर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून बांधा, कुठल्या ओळीत बफर ओलांडला ते नेमकं मिळतं.

कळवताना आवृत्ती, ३२ की ६४ बिट, प्रतिमेची बेरीज आणि कुठल्या मेनूतून गेल्यावर कोसळतं एवढं पुरे. आधी निर्मात्याकडे. उत्तर आलं नाही तर सर्ट/सीसी या त्रुटी कळवण्यात मध्यस्थी करणाऱ्या संस्थेकडे, त्यांची जाहीर करण्याची नेहमीची मुदत ४५ दिवसांची आहे. तोवर इथे प्रतिमा जोडू नका.

वाचनमात्र

ठीक. शून्यांनी भरलेल्या प्रतीवरही कोसळतं आहे, म्हणजे मेटाडेटाच. १ एमबीवर एनटीएफएस बनवायला गेलो तर आकार कमी पडतो म्हणून नाकारतंय.

एमएफटी_शून्य

८ एमबी घ्या, आणि बनवताना ‘क्विक’ व ‘फोर्स’ दोन्ही पर्याय द्या, कारण लक्ष्य डिस्क नसून साधी फाइल आहे. ६४ वा बाइट आधी तपासा. तो एफ६ नसेल तर सुरुवात तिथूनच करा.